अनुभव धागा : आपण गणित शिकवायला का लागलो?

ताणाबाणा

मागच्या रविवारी सोलापूरच्या साखर पेठेतल्या आमच्या जुन्या घरातले शेवटचे दोन माग भंगारवाल्याने उचलून नेले. वडील जाऊन चार वर्षे झाली आणि माग त्याआधीपासूनच बंद होते, त्यामुळे या दिवसाची मनाची तयारी होती. मात्र माग हलल्यावर त्यांच्यामागची भिंत प्रथमच पूर्ण उघडी पडली, तिच्यावर वडिलांनी खडूने मांडलेले हिशेब दिसले, आणि मी तिथेच खाली बसले.

मी गेली १९ वर्षे सोलापुरातल्या एका शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना गणित शिकवते. गणितच का, असे मला मुलाखतीत, प्रशिक्षणात आणि पालकसभेत अनेकदा विचारले गेले आणि प्रत्येक वेळी मी "आवड होती" असे सांगून मोकळी झाले. ते उत्तर खरे नाही. पाचवीपर्यंत मला गणिताची भीती वाटत असे आणि त्या भीतीचे कारण आमच्या घरची भाषा होती.

आमचे घर तेलुगू बोलणारे. सोलापूरच्या पूर्वभागातल्या बहुतेक विणकर घरांत तीच भाषा आहे, शाळा मात्र मराठी माध्यमाची. तेलुगूत ५२ ला 'याभै रेंडु' म्हणतात, म्हणजे आधी पन्नास आणि मग दोन, जसे लिहायचे तसेच बोलायचे. मराठीत 'बावन्न' म्हटले की दोन आधी ऐकू येतात आणि पन्नास नंतर. ज्या क्रमाने ऐकू आले त्या क्रमाने मी लिहीत असे, म्हणून बावन्नचे २५ होत आणि सदतीसचे ७३. एकोणपन्नास ऐकले की मी एक कुठे लिहायचा ते शोधत बसे, कारण उणे करून नाव ठेवायची रीत मला कोणी सांगितलीच नव्हती. चौथीत माझ्या प्रगतिपुस्तकावर 'गणितात मंद' असा शेरा आला. आईला मराठी वाचता येत नव्हते, त्यामुळे तो मीच तिला वाचून दाखवला.

सहावीत आम्हाला नव्या बाई आल्या. त्या तोंडी गणिते घालत आणि आम्ही उत्तर पाटीवर लिहून पाटी वर धरत असू. एकदा त्यांनी बावन्न अधिक सदतीस विचारले. उत्तर ८९, माझ्या पाटीवर ९८. शेजारच्या मुली हसल्या, पण बाई माझ्या बाकापाशी येऊन पाटीकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि मग त्यांनी विचारले, "बाळ, तू कोणत्या दोन संख्या मिळवल्यास?" मी २५ आणि ७३ असे सांगितले. माझी बेरीज बरोबर होती. त्यांच्या बेरजेत हातचा नव्हता, म्हणून माझे उत्तर त्यांच्या उत्तराच्या नेमके उलट आले होते आणि तेवढ्यावरून त्यांनी कारण ओळखले. हातचा असता तर दोन्ही उत्तरांचा काही संबंध दिसला नसता आणि कदाचित मी आज दुसरेच काही करीत असते. त्यांनी मला घरी मोजते तसे मोजून दाखवायला सांगितले. मी शंभरपर्यंत तेलुगूत न अडखळता मोजले. त्यांना तेलुगूचा गंध नव्हता, पण त्यांनी फळ्यावर 'याभै रेंडु' असे देवनागरीत लिहिले, त्याखाली ५० आणि २ मांडले आणि शेजारी 'बावन्न' लिहून दोन बाण काढले. पाच मिनिटांत माझा 'मंद'पणा संपला.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसला 'वीस सात' असेही वाचायला दिले, तेव्हा राज्यभर त्यावरून वाद झाला. जुनी संख्यानामे मलाही प्रिय आहेत आणि ती टिकावीत असे वाटते. पण सोलापुरातल्या वर्गात बसलेल्या मुलाच्या दृष्टीने 'वीस सात' ही परकी गोष्ट नाही, ती त्याच्या घरची रीत आहे.

आपल्यापैकी जे गणित शिकवतात, शिकवत होते किंवा शिकवण्याच्या तयारीत आहेत, त्यांनी आपली वाट कुठून सुरू झाली ते येथे लिहावे, ही विनंती. आणि जाणकारांना एक प्रश्न आहे. त्या भिंतीवर वरच्या ओळीत '२० × ८४० = १६८००' असे लिहिले आहे. त्याखाली '२/२०' लिहून पुढे ३३६०० हा आकडा आहे, तो खोडलेला आहे, आणि त्याच्या शेजारी ८४०० लिहिले आहे. हिशेब मला कळतो, परंतु ८४० कुठून आले आणि वडिलांनी ३३६०० का खोडले, ते मला कळलेले नाही.

अव्वाची नात

ताई, आमच्याकडे कन्नड आहे आणि 'ऐवत्तेरडु' म्हणजेही आधी पन्नास आणि मग दोन. मी अक्कलकोट तालुक्यात शिकवते. सीमेकडच्या गावांतल्या माझ्या वर्गात दर वर्षी तीन-चार मुले अशीच उलटी लिहितात आणि ती सगळी हुशार असतात. आता भाकरी तव्यावर आहे, सविस्तर नंतर लिहीन.

हजारी

माझी आई विड्या वळत असे. दिवसाला हजार विड्या, त्यातून २५ च्या ४० जुड्या, आणि त्या बांधण्याचे काम आम्हा भावंडांचे. पाढे मी शाळेत पाठ केले नाहीत, ते जुड्या मोजता मोजता बोटांत बसले. मजुरी हजारी दराने मिळे आणि माल देताना खराब म्हणून काही विड्या बाजूला काढल्या जात. आई ज्यांच्याकडे माल देत असे तिथल्या हिशेबनिसाने "शंभराला पाच कमी होतात" असे सांगून ठेवले होते आणि आई ते मुकाट्याने मान्य करीत असे, कारण शंभराला पाच म्हणजे हजाराला किती, हे तिला ठाऊक नव्हते.

ज्या आठवड्यात शाळेत शेकडेवारी शिकवली, त्या आठवड्यात मी सहज आईचे मजुरीचे पुस्तक उघडून पाहिले. हजाराला ८० कमी लावलेले होते, आणि तेही एकदा नव्हे तर ओळीने अनेक दिवस. मी आईला सांगितले की शंभराला पाच असतील तर हजाराला ५० होतात, ८० नव्हेत. तिने माझ्याकडून ते तीनदा समजून घेतले, दुसऱ्या दिवशी मला बरोबर नेले आणि सगळ्या बायकांसमोर शांतपणे विचारले. त्या दिवसाच्या ३० विड्यांचे पैसे तिला मिळाले. मागच्या दिवसांचे मिळाले नाहीत. पैसे फार नव्हते, परंतु परतताना आमच्या गल्लीतल्या पाच बाया आपापली पुस्तके घेऊन आमच्या दारात आल्या आणि रात्री दहापर्यंत मी आकडेमोड करीत बसले होते. मी तेव्हा बारा वर्षांची होते. त्या रात्री मला वर्ग मिळाला, असे मी मानते, डी.एड.ची पदविका त्यानंतर सात वर्षांनी आली.

आजही शेकडेवारी शिकवताना मी नफा-तोट्याच्या उदाहरणापासून सुरुवात करीत नाही. मुलांना घरातून एखादी पावती, विजेचे बिल किंवा मजुरीचे पुस्तक आणायला सांगते आणि त्यातला एक आकडा तपासायला लावते.

कंबर तलाव

हजारी ताई, आपले लिहिणे वाचून डोळे भरून आले. माझी आजीही विडी कामगार होती आणि तिच्या पुस्तकात कधी कोणी डोकावले नाही, याचे आज फार वाईट वाटले.

पाऊणकी

मी निवृत्त मुख्याध्यापक आहे, वय ७८. आमच्या पिढीत गणिताची आवड शाळेने लावली असे क्वचितच घडे. ती आजोबांनी लावली. माझे आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी आणि अडीचकी इतके सगळे पाढे म्हणत आणि साडेतिनाच्या पाढ्याला औटकी म्हणत. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, तोवर रुपयाचे १६ आणे आणि आण्याचे ४ पैसे होते, त्यामुळे पाव, अर्धा आणि पाऊण हे अपूर्णांक रोजच्या बाजारात लागत. दशमान पद्धती आली हे उत्तमच झाले, पण तिच्याबरोबर अपूर्णांक घरातून निघून गेले आणि फक्त पुस्तकात उरले. मुलांना अपूर्णांक जड जातात, याचे हे एक मोठे कारण आहे, असे माझे मत आहे.

अव्वाची नात

सर, पाऊणकीचा पाढा कोणाला येत असल्यास कृपया येथे लिहावा. माझ्या वर्गातल्या मुलांना ऐकवायचा आहे.

पाऊणकी

बेटा, जुना उच्चार लिहून दाखवण्यापेक्षा ऐकवणे बरे. गाभा मात्र सोपा आहे : एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन, पाच पाऊण पावणेचार, सहा पाऊण साडेचार. मुलांकडून चारपर्यंत म्हणवून घ्या आणि चौथ्या पायरीला पूर्ण संख्या का आली, ते त्यांनाच विचारा.

पस्तीस शतांश

अपूर्णांकांचा विषय निघाला म्हणून माझा अनुभव लिहितो. मी अभियांत्रिकी सोडून बी.एड. केले आणि घरच्यांनी वर्षभर माझ्याशी नीट बोलणे टाकले. पहिल्याच वर्षी सहावीच्या एका मुलाने ०.३५ ही संख्या ०.५ पेक्षा मोठी असल्याचे लिहिले आणि मी त्यावर लाल रेघ मारली. दुसऱ्या दिवशी त्याने वही पुढे करून विचारले, "सर, पस्तीस पाचांपेक्षा लहान कसे?" मला तत्काळ उत्तर देता आले नाही. 'नियम आहे' असे म्हणणे सोपे होते आणि मी तेच म्हणालो. त्याचा चेहरा पडला तो मला अजून आठवतो.

त्या संध्याकाळी मी सात रस्त्यावरच्या खोलीत बसून विचार केला, तेव्हा ध्यानात आले की त्या मुलाने पूर्ण संख्यांचा नियम अतिशय प्रामाणिकपणे पुढे चालवला होता. पूर्ण संख्यांत जास्त अंकांची संख्या मोठीच असते. त्याला पाच वर्षे आपणच हे शिकवले होते. मग मी पैशांकडे गेलो. ०.५ रुपया म्हणजे ५० पैसे आणि ०.३५ रुपया म्हणजे ३५ पैसे, एवढे म्हणताच तो हसला आणि त्याने स्वतःच ०.५ च्या पुढे शून्य लिहिले. मी शिक्षक बी.एड.ने झालो नाही, त्या शून्याने झालो. मुलांच्या चुका आता मी एका वेगळ्या वहीत उतरवून ठेवतो आणि सध्या तिसरी वही चालू आहे.

ताणाबाणा

सर, त्या वह्यांमधली आणखी एखादी नोंद लिहाल का? अशा वह्या प्रत्येक शाळेत असायला हव्यात.

पस्तीस शतांश

एक लिहितो. एका मुलीने १/२ + १/३ = २/५ असे मांडले. कारण विचारल्यावर ती म्हणाली की कालच्या दोन सामन्यांपैकी आम्ही एक जिंकलो आणि आजच्या तीनपैकी एक, म्हणजे एकूण पाचपैकी दोन. तिचे सामने बरोबर होते. फक्त ती अपूर्णांकांची बेरीज नव्हती, कारण दोन्ही दिवसांचा 'पूर्ण' वेगळा होता. हे मला तिच्याकडूनच प्रथम इतके स्पष्ट कळले. मग आम्ही एकाच आकाराच्या दोन भाकरी घेतल्या, एकीचा अर्धा आणि दुसरीचा तिसरा भाग मोडला आणि दोन्ही तुकडे मिळून भाकरीच्या अर्ध्याहून जास्त होतात हे पाहिले. २/५ तर अर्ध्याहून कमी आहे. तिने वाद घातला नाही, पण पटायला दोन दिवस घेतले, आणि ते दोन दिवस मी तिला दिले.

नवी पेठ

मी शिक्षक नाही, बँकेत आहे, तरी लिहितो. आम्हाला सातवीत जे गणिताचे शिक्षक होते ते चुकलेल्या प्रत्येक गणितामागे एक छडी मारत. त्यांचे नाव किंवा शाळा लिहिण्याची इच्छा नाही. ऋण गुणिले ऋण धन का होते, असे मी एकदाच विचारले आणि त्याचे उत्तर मला हातावर मिळाले. माझी पत्नी आज आठवीला गणित शिकवते. लग्नानंतर काही वर्षांनी मी तिला तोच प्रश्न विचारला. तिने वर्तमानपत्राच्या कडेला ३ × (−२) = −६, २ × (−२) = −४, १ × (−२) = −२, ० × (−२) = ० असे खाली खाली लिहिले आणि पेन माझ्या हातात दिले. पुढची ओळ (−१) × (−२) = २ अशी मी स्वतः लिहिली. मी तेव्हा ३४ वर्षांचा होतो. हे नियम ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये धन आणि ऋण, म्हणजे मालमत्ता आणि कर्ज, अशा शब्दांत मांडून ठेवले होते, हेही तिनेच सांगितले. बँकेतल्या माणसाला याहून जवळचे स्पष्टीकरण कोणते असणार? तिने शिक्षकी का पत्करली, हे मी तिला येथे लिहायला सांगणार आहे.

सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर

मला या वाटेवर आणणारी एक संख्या आहे. सातवीत असताना आमच्या सरांनी फळ्यावर ३५२४ लिहिले. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायला सांगितली : ५४३२ − २३४५ = ३०८७. पुन्हा तेच केले, ८७३० − ०३७८ = ८३५२. आणि पुन्हा, ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येते. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत आपण तिथेच पोहोचतो. वर्गातल्या साठ मुलांनी साठ संख्या घेतल्या आणि सगळे एकाच दारात आले, तेव्हा झालेला गलबला मला आजही ऐकू येतो.

हा स्थिरांक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये मांडला. ते विद्यापीठात नव्हते, देवळालीच्या शाळेत शिक्षक होते, हे सरांनी आवर्जून सांगितले. शाळेचा मास्तरही गणितात नवे काही शोधू शकतो, ही गोष्ट बार्शीजवळच्या खेड्यातून आलेल्या मला नवी होती. दर १७ जानेवारीला, म्हणजे कापरेकरांच्या जन्मदिवशी, गड्ड्याची, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेची, धामधूम ओसरलेली नसते तरी आमच्या वर्गात हा खेळ होतोच.

छिद्रपत्र

माझे काका चादरींच्या जकार्डसाठी, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्रासाठी, छिद्रांचे पत्रे पाडायचे काम करीत. आधी नक्षी चौकटींच्या कागदावर उतरवायची, मग चौकट रंगवलेली असेल तिथे छिद्र आणि कोरी असेल तिथे काही नाही. सहावीच्या सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली बसून मोराची अर्धीच बाजू रंगवली आणि उरलेली अर्धी त्यांनी माझ्या ओळी उलट्या क्रमाने वाचून पाडली. सममिती या शब्दाची व्याख्या मला नंतर पुस्तकात भेटली. आज मी सातवीला भूमिती शिकवतो आणि पहिल्या दिवशी सोलापुरी चादर घडी घालूनच वर्गात नेतो.

पात्रता

मी सध्या शिक्षक पात्रता परीक्षेची तयारी करते आहे. मागच्या खेपेला थोडक्यात हुकले. दिवसभर एका दुकानात हिशेब लिहिते आणि संध्याकाळी वस्तीतल्या सहावी-सातवीच्या नऊ मुलांना घरी शिकवते. पद मिळेल की नाही ते माहीत नाही, त्यामुळे मी येथे लिहावे की नाही असा प्रश्न पडला होता.

हजारी

अगं, नऊ मुले तुझ्यासमोर बसतात, मग तू शिक्षिका आहेसच. अवश्य लिही. आणि परीक्षेसाठी जुने प्रश्नसंच हवे असतील तर मला निरोप पाठव, माझ्याकडे आहेत.

पात्रता

ताई, मनापासून आभार. मग एकच लिहिते. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येते. घरातली टाकी किती दिवस पुरेल हे काढण्यासाठी मुलांनी लांबी, रुंदी आणि उंची मोजली आणि घनफळ काढले. एक घनमीटर म्हणजे १००० लिटर, हे पाठ करून कोणाच्या लक्षात राहत नव्हते. त्या दिवसापासून कोणी विसरलेले नाही.

सूतबाजार

ताणाबाणा ताई, मी ३१ वर्षे सुताच्या पेढीवर हिशेब लिहिला, म्हणून आपल्या भिंतीचे उत्तर देऊ शकतो. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लड्या बसतात, तो आकडा. २० नंबरच्या सुतात २० लड्या, म्हणून २० × ८४० = १६८०० यार्ड. नंबर वाढला की सूत बारीक होते आणि त्याच वजनात लांबी वाढते.

२/२० म्हणजे २० नंबरचे दोन पदर एकत्र पिळलेले दुहेरी सूत. आपल्या वडिलांनी आधी १६८०० ची दुप्पट केली, ३३६००. दोन पदर आहेत म्हणजे सूत दुप्पट, असे कोणालाही प्रथम वाटते. पेढीवर आलेला प्रत्येक नवा मुलगा हीच चूक करी. परंतु दोन पदर पिळल्यावर सूत दुप्पट जाड होते आणि वजन तेवढेच ठेवले तर लांबी निम्मी उरते. म्हणून ३३६०० खोडले आणि ८४०० लिहिले. त्यांना हे कोणी सांगितले असेल किंवा मागावर सूत अपुरे पडल्यावर त्यांनी स्वतः शोधले असेल. हिशेब अगदी बरोबर आहे.

पाऊणकी

व्यस्त चलनाचे, म्हणजे एक वाढले की दुसरे त्याच प्रमाणात कमी होण्याचे, इतके चांगले उदाहरण मी माझ्या सगळ्या नोकरीत दिले नाही. सूतबाजार साहेब, आपल्याला नमस्कार.

ताणाबाणा

काका, आपले कसे आभार मानू ते कळत नाही. वडील चौथीपर्यंत शिकले होते आणि माझ्या अभ्यासाकडे ते कधी वळून पाहत नाहीत, असे मला लहानपणी वाटे. मी सहावीत कांड्या भरत त्याच खोलीत बसत असे आणि माझ्या पाठीमागच्या भिंतीवर ते हा आकडा खोडत होते.

घर पुढच्या महिन्यात रंगवायला द्यायचे आहे, पण तेवढा भाग सोडायला मी भावाला सांगितले आहे. सातवीला याच आठवड्यात व्यस्त चलन सुरू होते आहे. उद्या मी फळ्यावर १६८०० लिहीन, त्याखाली २/२० आणि ३३६०० लिहीन, काहीही खोडणार नाही, आणि एका विणकराने हे उत्तर का लिहिले असेल, ते मुलांना विचारीन. मुले काय म्हणतात ते संध्याकाळी येथे कळवते.